लॉगबुकातला तास आणि भरतीतला तास

वैमानिक भरतीच्या जाहिरातीत उड्डाणाच्या तासांचा आकडा ठळक छापलेला असतो आणि उमेदवारही अर्जात सगळ्यात वर तोच लिहितात. एकूण २१० तास, एकूण १४५० तास, एकूण ४२०० तास. फाईल टेबलावर आली की हा आकडा पहिल्या दोन मिनिटांत वाचून होतो. खरा वेळ जातो तो त्याची फोड करण्यात. डाव्या म्हणजे कॅप्टनच्या सीटवरचे किती, उजव्या म्हणजे को-पायलटच्या सीटवरचे किती? एका इंजिनच्या विमानावर किती, दोन इंजिनांच्या किती? रात्रीचे किती, ढगातले किती, आणि शेवटचं उड्डाण नेमकं कधीचं? लॉगबुकात, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीत, सगळे तास एकाच बेरजेत येतात, भरतीत येत नाहीत. हे आधी कळलं असतं तर पुष्कळ उमेदवारांनी आपलं शिक्षण वेगळ्या क्रमाने केलं असतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, म्हणजे सीपीएलला, २०० तास लागतात. त्यातले किमान १०० पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना केलेले. २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळाहून दुसरीकडे जाणारे, त्यात ३०० सागरी मैलांची एक फेरी, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. १० तास इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न पाहता फक्त उपकरणांवरून केलेले, पैकी सिम्युलेटरवर जास्तीत जास्त ५. आणि ५ तास रात्रीचे, १० टेकऑफ आणि १० लँडिंगसह. शिवाय डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या प्रत्येक पेपरात ७० टक्के. गोंदियाहून शिकून आलेला मुलगा असो, बारामतीहून आलेली मुलगी असो की फ्लोरिडाहून परतलेलं कोणी, नवशिक्यांच्या फायली २०० ते २३० तासांच्या पट्ट्यातच असतात. या पट्ट्यात एकूण तासांवरून निवड करताच येत नाही. २३० तासवाला २०५ तासवालीपेक्षा सरस, असं कोणी मानत नाही.

म्हणून आधी गती पाहिली जाते. पहिल्या सोलोपर्यंत, म्हणजे एकट्याने केलेल्या उड्डाणापर्यंत, किती तास लागले, कुठल्या टप्प्यावर एकच धडा चार-पाच वेळा झाला, २०० तास किती महिन्यांत पूर्ण झाले. जून ते सप्टेंबरमधल्या खंडाबद्दल कोणी विचारत नाही. शिरपूर, धुळे, बारामती, गोंदिया इथे पावसाळ्यात ढग खाली येतात, दृश्यमानता ५ किलोमीटरच्या खाली जाते आणि शिकाऊ विमानं हँगरमध्ये बसतात, हे इथल्या प्रत्येक परीक्षकाला ठाऊक असतं. प्रश्न येतो तो नोव्हेंबर ते मार्चमधल्या रिकाम्या पानांवर. आभाळ स्वच्छ असताना तीन महिने उड्डाण का नाही? विमान नादुरुस्त होतं, इन्स्ट्रक्टर नव्हता, घरी पैशाची अडचण होती, यातलं कुठलंही उत्तर चालतं. ते स्कूलच्या कागदांशी जुळलं पाहिजे, एवढंच.

इथेच एक सापळा आहे आणि दर वर्षी मुलं त्यात अडकतात. परवान्याच्या अर्जाआधीच्या ६ महिन्यांत पायलट-इन-कमांड म्हणून १५ तास, रात्रीचे टेकऑफ-लँडिंग आणि कौशल्य चाचण्या झालेल्या असाव्या लागतात. विद्यार्थी मे महिन्यात २०० तास पूर्ण करतो, रात्रीचं उड्डाण उरकून घेतो आणि मग नेव्हिगेशनच्या पेपरात अडकतो. पुढची परीक्षा, तिचा निकाल, रेडिओ परवाना, मेडिकलचा कागद यांत डिसेंबर उजाडतो. तोवर मेमधलं रात्रीचं उड्डाण मुदतबाह्य झालेलं असतं आणि ते पुन्हा स्वतःच्या पैशाने करावं लागतं. लॉगबुकात हे शेवटी जोडलेल्या १०-१५ तासांच्या रूपात दिसतं. भरतीत त्याचे गुण कापत नाहीत, पण परवाना सहा-आठ महिने लांबतो आणि तेवढ्यात भरतीची एक फेरी निघून जाते. क्रम असा ठेवावा: सगळे पेपर १२० तासांच्या आत पास, रात्रीचं उड्डाण आणि चाचण्या अगदी शेवटी, आणि चाचणी झाल्यावर पंधरा दिवसांत अर्ज.

आता बेरजेबद्दल. परदेशात, विशेषतः अमेरिकेत शिकलेल्यांची लॉगबुकं दशांशात असतात, इथली तास-मिनिटांत. १.३ तास म्हणजे १ तास १८ मिनिटं. नकलून घेताना ते १ तास ३० मिनिटं लिहिलं की एका उड्डाणामागे १२ मिनिटं वाढतात. अशी १०० उड्डाणं झाली की २० तास हवेत तयार होतात. उमेदवाराचा हेतू वाईट नसतो, पण पडताळणीत २०४ चे १८४ झाले की परवान्याचा पायाच हलतो. दुसरा नेहमीचा घोळ सेफ्टी पायलटचा. अमेरिकेत एक जण डोळ्यांवर हूड लावून इन्स्ट्रुमेंट उड्डाण करतो तेव्हा शेजारी बसून बाहेर लक्ष ठेवणाऱ्यालाही काही अटींवर ती वेळ पायलट-इन-कमांड म्हणून नोंदता येते. इकडे ती तशी धरत नाहीत. मित्राबरोबर निम्मा खर्च वाटून केलेले ३०-४० तास परदेशी परवाना भारतीय करून घेताना गळून पडतात आणि मग पुन्हा विमान भाड्याने घेण्याची पाळी येते.

लॉगबुक पडताळताना प्रत्येक ओळ वाचली जात नाही. दहा-बारा नोंदी निवडल्या जातात, आणि त्या कुठून निवडायच्या हे सरावाने कळतं: शेवटचे २० तास, रात्रीच्या सगळ्या नोंदी, एकाच दिवशी ५ तासांहून जास्त उड्डाण असलेली पानं. रात्रीची नोंद सूर्यास्ताच्या वेळेशी जुळवली जाते. लॉगबुकात वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, असते. १३३० म्हणजे इथले सायंकाळचे ७. विद्यार्थ्याने भारतीय वेळ लिहिलेली असेल तर ‘रात्रीचं’ उड्डाण भर दुपारचं निघतं. मग विमानाचा नोंदणी क्रमांक घ्यायचा आणि त्याच दिवशी ते विमान दुसऱ्या कोणाच्या लॉगबुकात त्याच वेळी तर नाही ना, हे पाहायचं. स्कूलच्या नोंदवहीत त्या दिवशी भरलेलं इंधन सापडतं. सेसना १७२ तासाला साधारण ३० ते ३५ लिटर पेट्रोल पिते, त्यामुळे ६ तासांची नोंद आणि ९० लिटर इंधन एकत्र नांदू शकत नाही. मीटरचाही प्रश्न असतो. इंजिन सुरू केल्यापासून हॉब्स मीटर पळायला लागतो, पण उड्डाणवेळ मोजायची ती विमान उड्डाणासाठी पहिल्यांदा हललं तिथपासून ते शेवटी थांबेपर्यंत. जागेवर उभं राहून घालवलेली १० मिनिटं त्यात येत नाहीत.

२०११ मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर मिळवलेले परवाने आणि फुगवलेले तास उघडकीला आले, त्यानंतर ही छाननी कडक झाली. चुकीची नोंद सापडली तर एका रेघेने खोडून, शेजारी दुरुस्ती लिहून, मुख्य इन्स्ट्रक्टरची सही आणि तारीख घ्यावी. व्हाइटनर लावलेलं पान दिसलं की पुढचं सगळं लॉगबुक संशयाने वाचलं जातं, मग त्याखाली काहीही असो.

कागद झाल्यावर लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय आणि समन्वयाच्या संगणक चाचण्या, आणि मग सिम, म्हणजे सिम्युलेटरवरची चाचणी. २०० तासवाल्यांना सिम चेकमध्ये काय तोललं जातं याबद्दल फार गैरसमज आहेत. त्यांनी एअरबस चालवून दाखवावी अशी अपेक्षा नसते. सेसना साधारण ६५ नॉटने उतरते, ए-३२० वजनानुसार १३० ते १४० नॉटने. तीन अंशांच्या उतारावर पहिलीला मिनिटाला सव्वातीनशे फूट खाली यावं लागतं, दुसरीला सातशे. सगळं दुप्पट वेगाने घडत असताना नजर उपकरणांवरून फिरत राहते का, हे पाहायचं असतं. ऑटोपायलट आणि विमान कसं वळवायचं ते सुचवणारा फ्लाइट डायरेक्टर बंद, म्हणजे रॉ डेटा. टेकऑफ, ४५ अंशांची वळणं, होल्डिंग म्हणजे ठराविक जागी घिरट्या, मग आयएलएस म्हणजे रेडिओ संकेतांवरून धावपट्टीकडे उतरणं. पहिल्या अप्रोचला, म्हणजे उतरण्याच्या पहिल्या प्रयत्नाला, लोकलायझरच्या (धावपट्टीच्या मध्यरेषेच्या संकेताच्या) दोन्ही बाजूंना हेलकावे खाल्ले तरी हरकत नसते. परीक्षक एकच सूचना देतो, ‘दुरुस्ती अर्धी कर’, आणि दुसऱ्या अप्रोचला ती पाळली जाते का ते पाहतो. निम्म्याहून अधिक गुण या फरकाचे असतात. जे नापास होतात त्यांच्यात हात कच्चा असणारे कमी आणि एका सुईवर डोळा खिळवून बसणारे जास्त. उंची धरायच्या नादात दिशा सुटते, दिशा धरायच्या नादात वेग. पिच (नाकाचा कोन) आणि पॉवरचे आकडे आधी पाठ करून आलेला उमेदवार इथे पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो.

मुलाखतीत तासांबद्दल फारसं विचारत नाहीत. तिथे एक प्रश्न हमखास येतो: कॅप्टन चुकतोय असं दिसलं तर काय कराल? २२ मे २०१० रोजी मंगळूरला दुबईहून आलेलं बोइंग ७३७ टेबलटॉप, म्हणजे पठारावर बांधलेल्या, धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं, १५८ जण गेले. को-पायलटने गो-अराउंड करायला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला, तीनदा सांगितलं होतं, हे चौकशीत नोंदलेलं आहे. कॅप्टनच्या तासांत काही कमी नव्हतं. म्हणूनच ‘मी आदराने सांगेन’ एवढ्यावर उत्तर थांबलं तर पुढचा प्रश्न येतो, ‘आणि त्यांनी ऐकलं नाही तर?’ त्यावर कंपनीच्या पद्धतीनुसार ठरलेले शब्द बोलून मी नियंत्रण घेईन, असं स्पष्ट म्हणणारा उमेदवार हवा असतो.

केवळ आकड्यावर भिस्त ठेवली तर काय सुटतं, याचं सगळ्यात जवळून अभ्यासलं गेलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचं ३४०७ हे डॅश ८ क्यू४०० विमान कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा १ असे ५० जण मृत्युमुखी पडले. वेग घटत गेला, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपण्याचा, इशारा देणारा स्टिक शेकर थरथरला आणि कॅप्टनने नाक खाली दाबण्याऐवजी कंट्रोल मागे ओढला. त्यानंतर कायदा बदलला आणि ऑगस्ट २०१३ पासून तिथे एअरलाइनमध्ये को-पायलट म्हणून बसायलाही एटीपी परवाना, म्हणजे साधारणपणे १५०० तास, लागू लागले. सवलत म्हणून लष्करी वैमानिकांना ही अट ७५० तासांवर आणि विमानविद्येची पदवी असलेल्यांना १००० तासांवर आणली गेली. पण त्या कॉकपिटमध्ये कॅप्टनचे एकूण तास ३३७९ होते आणि को-पायलटचे २२४४. नव्या अटीत दोघंही आरामात बसले असते. कमी होते ते वेगळेच तास. कॅप्टनचे क्यू४०० वरचे तास होते फक्त १११. आधीच्या काही चाचण्यांत ते नापास झाले होते आणि भरतीच्या वेळी त्यातल्या सगळ्या कंपनीला कळलेल्या नव्हत्या. त्या अपघातानंतर तिकडे वैमानिकांच्या नोंदींचा सामाईक साठा उभारला गेला. १५०० तासांच्या अटीपेक्षा आम्हाला हा बदल मोलाचा वाटतो. म्हणूनच आपल्याकडच्या अर्जातही ‘पूर्वी कुठल्या चाचणीत अनुत्तीर्ण झालात का’ या रकान्यात खरं लिहावं. एक नापास चेक आणि त्यानंतर घेतलेलं प्रशिक्षण समजावून सांगता येतं. लपवलेला नापास चेक सापडला तर फाईल तिथेच बंद होते.

तासांच्या जातींकडे वळू. टाईप रेटिंग, म्हणजे ठराविक विमान चालवण्याची पात्रता, स्वतःच्या खर्चाने मिळवलेला आणि लाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी सेवेत, एकही तास नसलेला उमेदवार स्वतःला अनुभवी समजतो. पण भरतीच्या हिशेबात त्याचे त्या विमानावरचे तास शून्यच असतात. सिममधले तास वेगळ्या रकान्यात जातात, उड्डाणात धरत नाहीत. शिवाय ते रेटिंग पडून राहिलं की शिळं होतं आणि नोकरी मिळाल्यावर पुन्हा सिममध्ये जावं लागतं. लाखो रुपये घालण्याआधी कुठली कंपनी कुठलं विमान वाढवते आहे आणि ती रेटिंग केलेले घेते की स्वतःच करवते, हे पाहिलंच पाहिजे. कर्ज काढून केलेली घाई घराला फार महाग पडते.

एटीआर ७२ वरचे ५०० तास आमच्या मते सर्वांत कमी लेखले जाणारे तास आहेत. २३ टनांचं विमान, दोन टर्बोप्रॉप इंजिनं, दोन वैमानिक, दिवसाला चार ते सहा सेक्टर म्हणजे उड्डाणाचे टप्पे, लहान विमानतळ, आणि पावसाळ्यात ढगांच्या वर न जाता ढगांमधूनच जाणारं. गोव्याच्या मोपाहून चालणारी फ्लाय९१ असो की अलायन्स एअर, असल्या सेवेतून आलेल्या को-पायलटला लँडिंगचा, आडव्या वाऱ्याचा आणि हवामानामुळे वळण्याच्या निर्णयांचा सराव भरपूर असतो. जेटवर ७० टनांच्या पुढचं वजन आणि ऊर्जेचं नियोजन शिकावं लागतं, ते सिममध्ये शिकवता येतं.

छोट्या चार्टर विमानांवरचे उजव्या सीटचे तास मात्र अडचणीचे ठरतात. बीचक्राफ्ट किंग एअर बी२०० चं कमाल वजन ५६७० किलो, म्हणजे नियमांत लहान आणि मोठी विमानं वेगळी करणाऱ्या ५७०० च्या रेषेच्या जेमतेम खाली, आणि ते एका वैमानिकाने चालवायला प्रमाणित आहे. त्यावर को-पायलट म्हणून केलेले तास धरायचे की नाही, हे त्या उड्डाणाला दुसरा वैमानिक नियमाने बंधनकारक होता का, यावर ठरतं. जुहूहून असं काम करणाऱ्यांनी ऑपरेशन्स मॅन्युअलमधल्या त्या तरतुदीची प्रत लॉगबुकाबरोबर ठेवावी.

इन्स्ट्रक्टरांवर अन्याय होतो, हे स्पष्ट लिहायला हवं. ८०० तास शिकवलेला माणूस दिवसाला दहा-बारा लँडिंग दुसऱ्याच्या हातून करवून घेतो, चूक घडण्याआधी ती ओळखतो आणि कधी हात घालायचा हे त्याला कळतं. एक इंजिन, पिस्टन, १.१ टनाचं विमान म्हणून या तासांना अनेक ठिकाणी २०० तासवाल्यांच्याच रांगेत उभं करतात. निदान मुलाखतीत तरी त्यांनी तास न सांगता निर्णय सांगावेत: कुठल्या वाऱ्यात सोलो थांबवला आणि का.

हवाई दलातून येणाऱ्यांचं उलट असतं. लढाऊ विमानाची खेप तासाभराची, त्यामुळे वीस वर्षांच्या सेवेनंतरही एकूण तास वाहतूक विमानवाल्यांपेक्षा बरेच कमी भरतात. हात उत्तम, पण दोघांनी मिळून विमान चालवण्याची सवय नवी. एएन-३२ किंवा सी-१३० वरून आलेल्यांना हा प्रश्न येत नाही. हेलिकॉप्टरचे तास बहुतेक कंपन्या वेगळ्याच रकान्यात ठेवतात.

कुठल्याही तासाचं वजन काळाबरोबर घटतं. ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग ही किमान अट, पण भरतीत शेवटच्या १२ महिन्यांचा आकडा वेगळा मागतात. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणं थांबली तेव्हा हजारो तासांची माणसं जमिनीवर आली. खंड जितका लांबला तितके परत येताना ग्राउंड रिफ्रेशर आणि सिमची सत्रं वाढली. अशा काळात परवाना, मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग जिवंत ठेवणं हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

कॅप्टन म्हणून थेट भरती होताना एटीपीएल, म्हणजे एअरलाइन वैमानिकाचा परवाना, लागतो. त्याला १५०० तास लागतात, त्यात पायलट-इन-कमांडचे, रात्रीचे आणि इन्स्ट्रुमेंटचे किमान आकडे ठरलेले. को-पायलट यातले पायलट-इन-कमांडचे बरेच तास देखरेखीखालच्या कमांडमधून, म्हणजे कॅप्टनच्या नजरेखाली त्याची जबाबदारी पार पाडून, भरतात. त्या प्रत्येक नोंदीवर कॅप्टनची सही त्याच आठवड्यात घ्यावी. दोन वर्षांनी कॅप्टन दुसऱ्या देशात गेलेला असतो. वर्षाला १००० तासांची कायदेशीर कमाल मर्यादा आहे, तेव्हा कोणाच्या लॉगबुकात ३६५ दिवसांत १०४० दिसले की भरतीचं टेबल सगळ्यात आधी तिथे बोट ठेवतं.

कंपनी बदलताना आणखी एक हिशेब असतो. ३००० तासांचा को-पायलट नव्या ठिकाणी गेला की तास सोबत येतात, सीनियॉरिटी येत नाही. कमांडची रांग नव्याने सुरू होते. त्यात २०१७ च्या नियमानुसार राजीनाम्याची मुदत को-पायलटला ६ महिने आणि कॅप्टनला १२ महिने. हातात पत्र आल्यापासून नव्या गणवेशात पहिला सेक्टर होईपर्यंत वर्ष सहज जातं, आणि त्यातले काही महिने उड्डाणाविना गेले तर पुन्हा तोच ९० दिवसांचा प्रश्न उभा राहतो. म्हणून रुजू होण्याची तारीख ठरवताना सिमचा स्लॉट कधीचा आहे हे लेखी विचारून घ्यावं, आणि शेवटच्या उड्डाणाच्या दिवशीच लॉगबुकाची बेरीज करून जुन्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागाकडून ती प्रमाणित करून घ्यावी.